मालगुजारी (जुन्या गावमालकाचा) वाडा बघायला जाताय? तो शेवटचा रस्ता आधी वाचा

नागपूर-साकोली-नवेगावबांध रस्ता मस्त आहे, त्यावर लिहायचं काही नाही. कोलू पाटील कोहळींनी बांधलेला नवेगावचा तलाव बघा अन पुढे निघा.

भानगड पुढची. मला व्हिडिओत "वाड्यापर्यंत डांबरी" सांगितलं होतं, साफ खोटं, शेवटचे ४ किलोमीटर तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) अन धानाच्या बांध्यांमधून आहेत, सप्टेंबरात ती माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरतच नाही, दोनदा काडीनं खरवडलं, तिसऱ्यांदा ट्रॅक्टरवाल्यानं ओढायचे ८०० घेतले. दिवाळीनंतर, धान कापणी झाल्यावरच जा. पावसात बिलकुल नाही.

अन वाड्याच्या दारात एका माणसानं २०० रुपये मागितले, पावती नाही. मी दिले, अजून राग जात नाही. १८६० च्या दशकातल्या जमीन-महसुलाच्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजाराला अख्ख्या गावाची मालकी दिली, कुळांनी सारा भरायचा अन वरून बेगार, हे वाडे त्याच फुकटच्या मजुरीवर उभे राहिले. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी सारा थेट सरकारला भरायचा, म्हणून अकोला-अमरावतीच्या लोकांना हे लवकर समजत नाही. १८८३, १८९८ चे कुळकायदे आले तरी गावात चालायचं मालगुजाराचंच, ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली तेव्हा सुटका. त्याच वाड्यात शिरायला आज पैसे का द्यायचे? देऊ नका. आत पडक्या भिंती अन वटवाघळं, बस.

खरं बघायचं ते वाड्याच्या मागं, तलावाच्या पाळीवर. तिथं एक आजोबा ढोरं चारत होते, त्यांनी दगडी तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं भोक, दाखवलं. म्हणाले, "रोवनीच्या दिवसात आदी मालगुजाराच्या सिरीवर (त्याच्या घरच्या शेतीवर) जा लागे, आपली बांधी सुकून जाय. एका सालं बाबा अन सारे कुळं म्हनले, नाही जात. मालगुजारानं तुडूम बंद केलं. मंग रातच्यानं गड्यायनं डट्टा (भोकाचं बूच) उपसला, सकाळी साऱ्याइच्या बांधीत पानी."

दगडाच्या भोकाच्या कडेला पहारीच्या खुणा आहेत, बोट घालून बघितल्या, खोल आहेत. थकवा तिथंच उतरला माझा.

आजोबा सकाळी १० च्या आत पाळीवर असतात. पाण्याची बाटली सोबत ठेवा, गाडी गावातच लावून पायी जा.