एनार्सीचा अभ्यास: पुस्तकं कमी केली, लॅब वाढवली

सिस्कोच्या सीसीएनपी या नेटवर्किंग सर्टिफिकेशनची एन्कोर ही मुख्य परीक्षा झाली, आता पुढची एनार्सी म्हणजे ३००-४१०. पेपर ९० मिनिटांचा, आणि ब्लूप्रिंट (अधिकृत सिलॅबस) उघडली की वेळ कुठे घालायचा ते लगेच कळतं, एकट्या लेयर ३ ला, म्हणजे राउटिंगला, ३५ टक्के आणि व्हीपीएनला २०. म्हणून सध्या फक्त राउटिंग, बाकी कशाला हात लावत नाहीये.

मटेरियलचं म्हणाल तर एक व्हिडिओ कोर्स, एक पुस्तक, आणि अडलं की थेट आरएफसी (प्रोटोकॉलचा मूळ दस्तऐवज), बस. चार कोर्स एकदम घेतले की प्रत्येकात ओएसपीएफ या राउटिंग प्रोटोकॉलची तीच ओळख परत ऐकायची आणि अवघड भाग येईपर्यंत जीव कंटाळतो. आरएफसीला लोक उगाच घाबरतात. ओएसपीएफची २३२८ ही १९९८ची आहे पण वाचायला एकदम स्वच्छ. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) मिसमॅच झाला की नेबर, म्हणजे शेजारचे राउटर, एक्सस्टार्टला (जोडणीच्या एका सुरुवातीच्या पायरीला) का अडकतात याचं उत्तर तिच्यात सरळ लिहिलंय: हॅलो पॅकेटमध्ये एमटीयू नसतोच, तो येतो डीबीडीमध्ये (डेटाबेसचा सारांश देणाऱ्या पॅकेटमध्ये), आणि समोरच्याचा आपल्यापेक्षा मोठा असेल तर ते पॅकेट टाकून द्यायचं. एवढं समजलं की 'एमटीयू-इग्नोर' ही कमांड नक्की काय झाकते तेही कळतं. डम्प्स (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) पाठ करून हे येत नाही, माझं मत ठाम आहे.

या आठवड्याची खरी मजा रिडिस्ट्रिब्युशनमध्ये, म्हणजे एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात सोडण्यात, आली. चार राउटर, त्यामुळे सीएमएल या सिस्कोच्या लॅब सिम्युलेटरच्या फ्री व्हर्जनच्या ५ नोडमध्येही आरामात बसतं. आर१ आपला लूपबॅक (राउटरमधला आभासी इंटरफेस) ईआयजीआरपी या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये रिडिस्ट्रिब्युट करतो, आर२ आणि आर३ बॉर्डरवर, पलीकडे ओएसपीएफमध्ये आर४. आर२ ने तो रूट ओएसपीएफमध्ये सोडला की आर३ ला तोच रूट आर४ कडून ११० डिस्टन्सने मिळतो (डिस्टन्स कमी तो रूट जिंकतो), आणि ईआयजीआरपी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आणलेला रूट, पडतो १७०, मग आर१ शेजारी असूनही आर३ चं ट्रॅफिक आर४, आर२ असा वळसा घालून जातं! ट्रेसराउटमध्ये ते उमटलेलं बघायला जाम भारी वाटतं. रूट-मॅपमध्ये टॅग लावून डिनाय केला की रूट परत ईआयजीआरपीमध्ये घुसायचा थांबतो, पण वळसा तसाच राहतो, त्यासाठी आर३ वर ओएसपीएफ एक्स्टर्नलचा डिस्टन्स १७१ करायला लागतो. हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि बऱ्याच व्हिडिओत एकातच गुंडाळून टाकतात.

फोकससाठी माझा नियम साधा, सकाळी ऑफिसच्या आधी, फोन दुसऱ्या खोलीत, आणि बसायच्या आधी वहीत एकच प्रश्न लिहायचा, उत्तर सीएलआयवर (राउटरच्या कमांड लाइनवर) दिसेपर्यंत टॉपिक बदलायचा नाही. ऑन-कॉलच्या आठवड्यात नवीन काही घेत नाही, जुन्या लॅब मोडून परत जोडतो.

पुढे डीएमव्हीपीएन (शाखांमध्ये गरजेप्रमाणे टनेल उभे करणारं व्हीपीएन) फेज ३, हबवर म्हणजे मध्यवर्ती राउटरवर रिडायरेक्ट, स्पोकवर म्हणजे शाखेच्या राउटरवर शॉर्टकट, आणि स्पोक-टू-स्पोक टनेल उभा राहताना एनएचआरपी या समोरच्या स्पोकचा खरा पत्ता शोधणाऱ्या प्रोटोकॉलचं डीबग लावून बघणार आहे.