कंटेनर टर्मिनलची पर्यावरण मंजुरी : माझा अनुभव

वर्षाला ५० लाख टन किंवा त्याहून जास्त माल हाताळायचा असेल, तर बंदर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय आघात मूल्यांकन) अधिसूचनेत ‘अ’ वर्गात येतं आणि अर्ज थेट केंद्राकडे जातो. मोठं कंटेनर टर्मिनल तिथेच बसतं. खरी डोकेदुखी आराखड्याची.

टीओआर, म्हणजे अभ्यास कशाकशाचा करायचा ते ठरवणारं पत्र, हातात आल्यावर धक्क्याची लांबी किंवा गाळ टाकायची जागा बदलली, की टीओआरची दुरुस्ती आणि गाळ पसरण्याचं मॉडेल, दोन्ही पुन्हा. म्हणून मी अर्जाआधीच दोन पर्यायी आराखड्यांची मॉडेलं चालवून घेतो. समुद्राच्या नोंदी पावसाळा सोडून एका हंगामाच्या चालतात. पण मार्चमध्ये नोंदी घेणारी बोट पाण्यात उतरली नाही, तर गाठ थेट ऑक्टोबरशी. शिवाय मंजुरीचा अर्ज करताना या नोंदी तीन वर्षांहून जुन्या चालत नाहीत.

सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशा १:४००० चा. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवर चार मीटर. कांदळवन १,००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल, तर भोवती ५० मीटरचा पट्टा, म्हणजे नकाशावर साडेबारा मिलिमीटर. आमच्या जोडरस्त्याची कड त्यात जेमतेम तीन मिलिमीटर घुसलेली. जागेवर बारा मीटर! रस्ता कागदावर असतानाच सरकवला, म्हणून स्वस्तात सुटलो.

जनसुनावणीची सूचना ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत येते. गणसंख्येची अट नाही, पण सभागृह भरतंच. मराठी सारांश स्वतः वाचा. आमच्या मसुद्यात ‘उत्खनित द्रव्याची विल्हेवाट’ असं होतं; ते खोडून ‘समुद्रातून उपसलेला गाळ कुठे टाकणार’ असं केलं. मच्छीमार नेमकं हेच विचारतात. डोल जाळ्यांच्या (समुद्रात खुंटांना बांधलेल्या जाळ्यांच्या) खुंटांच्या जागा त्यांच्याकडूनच नकाशावर मांडून घ्या, नाहीतर तुमचा जलमार्ग त्यांवरूनच गेल्याचं भर सभेत कळतं.

स्थानिक प्राधिकरणंही तपासा. वाढवण बंदराला डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाची परवानगी वेगळी लागली; ती जुलै २०२३ मध्ये मिळाली आणि केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२४ मध्ये.

केंद्राचं पत्र आलं म्हणून कंत्राटदाराला कांदळवनात सोडू नका. महाराष्ट्रात तोडीसाठी मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी लागते, २०१८ च्या निकालानुसार, आणि तीही सार्वजनिक हिताचं काम असेल तरच. वर तिप्पट क्षेत्रावर लागवड. ती जमीन कुठली, हे अर्जाच्या वेळीच ठरलेलं हवं. आयत्या वेळी भरतीचं पाणी पोहोचणारी मोकळी जागा मिळत नाही.