शिडी सहाव्या मजल्यावर थांबते

सेकंड अव्हेन्यूवर माझा पाय एका नावावर पडता पडता राहिला. फुटपाथवर, एका इमारतीच्या दारासमोर, रंगीत खडूनं तीन नावं लिहिली होती. कातेरीना माल्तेसे, वय ३९. लुचिया माल्तेसे, वय २०. रोझारिया माल्तेसे, वय १४. आई आणि तिच्या दोन मुली. उंबऱ्यापुढच्या रांगोळीला वळसा घालायची आपल्याला सवय असते, तशी मी आपसूक बाजूला झाले. मागून येणारा कॉफीवाला मुलगा मात्र फोनमध्ये बघत सरळ वरून गेला. त्याचाही दोष नाही म्हणा, हे शहर एरवी खाली बघायला वेळच देत नाही.

न्यूयॉर्कला भाचीकडे आले होते आणि योगायोगानं २५ मार्च साधला गेला. १९११ साली याच तारखेला ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ माणसं गेली. शर्टवेस्ट म्हणजे बायकांचे शर्टासारखे ब्लाउज, ते इथे शिवले जायचे. त्यात १२३ बायका आणि मुली. बहुतेक जणी नुकत्याच बोटीनं आलेल्या ज्यू आणि इटालियन घरांतल्या. दर वर्षी या दिवशी लोक खडू घेऊन निघतात आणि जी जिथे राहायची, त्या दारापुढे तिचं नाव लिहितात. पाऊस आला की पुसलं जातं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा लिहायचं.

तिथून चालत वॉशिंग्टन प्लेस आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेलो. मनात जळक्या भिंती होत्या, समोर दिसली एक धडधाकट दहा मजली इमारत. तेव्हा तिचं नाव होतं अ‍ॅश बिल्डिंग. आता ती न्यूयॉर्क विद्यापीठाची ब्राउन बिल्डिंग आहे. "मावशी, माझी लॅब इथेच आहे," भाची म्हणाली. दोन वर्षं ती या इमारतीत ये-जा करते आहे. खाली पाटी आहे हे तिला ठाऊक होतं, पण ती थांबून वाचली होती पहिल्याच आठवड्यात, नंतर कधी नाही. इमारत अग्निरोधक म्हणून बांधलेली होती आणि तसं बघितलं तर ती खरीही ठरली. इमारतीला फारसं काही झालं नाही.

मी मजले मोजायला लागले आणि चुकले. अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला म्हणतात, त्यामुळे कारखान्याचे आठवा, नववा आणि दहावा हे मजले आपल्या हिशेबानं सातवा, आठवा आणि नववा. वाचकांनी मनातल्या मनात एक वजा करावा. उंचीत त्यानं काही फरक पडत नाही.

शनिवार होता, पगाराचा दिवस. सुटायला पाचेक मिनिटं होती. आठव्या मजल्यावर कापणाऱ्यांच्या टेबलाखाली चिंध्यांचा पेटारा होता, आठवडेच्या आठवडे न उचललेला. तो पेटला, बहुधा विडी-सिगारेटच्या थोटकानं किंवा काडीनं. आठव्या मजल्यावरून दहाव्याला, म्हणजे मालकांच्या ऑफिसला, फोन गेला. तिथले जवळजवळ सगळे गच्चीवरून शेजारच्या इमारतीत निसटले. मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस हेही त्यांच्यातच. नवव्या मजल्याला कुणी कळवलंच नाही. तिथे शिलाई मशिनींच्या लांबच लांब रांगा, मधे खुर्च्या आणि टोपल्या. ग्रीन स्ट्रीटकडच्या जिन्यात आग शिरलेली, वॉशिंग्टन प्लेसकडचं दार कुलूपबंद.

कुलूप का? तर सुटताना सगळ्यांनी एकाच दारानं जावं आणि पर्स उघडून दाखवावी म्हणून. कापडाचा तुकडा किंवा तयार ब्लाउज कुणी चोरून नेऊ नये म्हणून. हे ऐकताना मला आजोबा आठवले. लालबागला गिरणीत होते ते. पाळी सुटली की गेटवर झडती व्हायची, त्याबद्दल ते म्हातारपणीही चिडून बोलत. भोंग्याबद्दल, उकाड्याबद्दल, कापसाच्या धुळीबद्दल कधी तक्रार नाही. झडतीबद्दल मात्र कायम.

जोसेफ झितो आणि गास्पार मोर्तिल्लारो या दोन लिफ्टवाल्यांनी पुन्हा पुन्हा वर जाऊन शंभराहून जास्त जीव वाचवले. मागचा लोखंडी जिना वजनानं कोसळला. बंब लवकर आले, पण शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. साठाहून जास्त जणांनी खिडक्यांतून आणि लिफ्टच्या खड्ड्यात उड्या घेतल्या.

हे सगळं मी वाचून गेले होते. तरी एका गोष्टीची तयारी नव्हती. स्मरणसभेत अग्निशमन दलाची गाडी येते आणि तिची शिडी हळूहळू वर जाते. आजच्या शिडीला नववा मजला काही अवघड नाही. पण ती सहाव्यावर थांबवतात. आणि तशीच ठेवतात. लोक मान वर करून त्या मधल्या रिकाम्या भिंतीकडे बघत राहतात. मग एकेक नाव, एकेक घंटा, एकेक फूल. काठ्यांना अडकवलेले कागदा-कापडाचे ब्लाउज वाऱ्यावर हलत होते. माझ्या शेजारची बाई बोटांवर काहीतरी मोजत होती, तिच्या घरातलं नाव यायची वाट बघत असावी.

२०२३ पासून इमारतीवर स्मारक आहे, पोलादी फितीसारखं, कोपऱ्यावरून उतरून भिंतीच्या कडेनं वळणारं. नावं पत्र्यात आरपार कापली आहेत, ती वर बघून वाचायची नाहीत. खाली कमरेच्या उंचीवर काळी चकचकीत पट्टी आहे, तिच्यात ती उमटतात. वाचायचं तर वाकावं लागतं. मला हे फार आवडलं.

संध्याकाळी कूपर युनियन नावाच्या कॉलेजपर्यंत चालत गेलो, दहा मिनिटांची वाट. इथल्या सभागृहात २२ नोव्हेंबर १९०९ च्या शिवणकामगारांच्या सभेत पुढारी तासन्‌तास सावधपणे बोलत होते, तेव्हा क्लारा लेमलिक नावाची तेविशीची कामगार मुलगी उठली आणि यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या भाषेत, म्हणाली, भाषणं पुरे, संप करू या. हजारो शिवणकामगार संपावर गेले, बहुतेक मुलीच. ट्रँगलच्या मुली त्याआधीपासूनच बाहेर होत्या. त्यांनी मार खाल्ला, अटका सोसल्या. कित्येक कारखान्यांनी युनियनशी करार केले, ट्रँगलनं युनियन मानली नाही. थोडी पगारवाढ आणि थोडे कमी तास घेऊन मुली परत मशीनवर बसल्या. कुलूप तिथेच राहिलं.

मला खरा हादरा बसला तो पुढच्या गोष्टीनं. कामाच्या वेळात दार बंद ठेवू नये असा कायदा तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होता. होता! मालकांवर खटला झाला, त्यात प्रश्न एवढाच उरला की, त्या क्षणी दाराला कुलूप आहे हे त्यांना ठाऊक होतं का. १९११ च्या डिसेंबरात दोघे निर्दोष सुटले. पुढे १९१३ मध्ये ब्लँकला पुन्हा दार बंद ठेवल्याबद्दल दंड झाला, २० डॉलर.

म्हणून मग नवे कायदे आले ही नेहमीची ओळ मला अर्धवट वाटते. कायदे आले हे खरंच. रॉबर्ट वॅग्नर आणि अल स्मिथ या न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळातल्या पुढाऱ्यांच्या चौकशी आयोगानं कारखान्यांत प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. आग लागताच छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर आले, आगीच्या कवायती आल्या, निरीक्षक वाढले. आयोगासाठी काम करणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्सनं ती आग स्वतः पाहिली होती, चहाला आली असताना आवाज ऐकून धावत जाऊन. १९३३ मध्ये ती देशाची कामगारमंत्री झाली, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली पहिली बाई. पण निरीक्षक रोज येत नाही. दाराला आज कुलूप आहे हे रोज बघते ती मशीनवरची मुलगी, आणि तिला ते बोलून दाखवूनही नोकरी टिकेल असं वाटायला पाठीशी कुणीतरी लागतं. संपातल्या मुलींना हे आगीच्या आधीच कळलं होतं.

परत येताना भाचीला लॅबमध्ये काहीतरी विसरलेलं घ्यायचं होतं. मी बाहेर थांबले. फुलं तशीच पडली होती, बंब निघून गेला होता. ती पाच मिनिटांत आली.

"वरचं दार आतून उघडतं ना गं?" मी विचारलं.

"ढकललं की उघडतं मावशी," ती म्हणाली. मग दोन पावलं चालून थांबली. "जिन्याचं मात्र मी कधी ढकलून बघितलेलं नाही. कायम लिफ्टनंच जाते."