नासरेथ ते कफर्णहूम, पायी

नासरेथमधून वर काढणाऱ्या पायऱ्या संपता संपेनात. याच गावाने सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरात, येशूचं वाचन ऐकून आधी माना डोलावल्या, ‘हा योसेफाचाच मुलगा ना?’ असं विचारलं, आणि थोड्याच वेळात त्याला कड्यावरून लोटायला नेलं. अंगाखांद्यावर खेळवलेल्या पोराने चार शब्द सुनावलेले गावाला सोसले नाहीत.

ही सुमारे 65 किलोमीटरची पाऊलवाट 2007 मध्ये आखली गेली. आम्ही नगरचे पाच जण चार दिवस चाललो. काना, हत्तीन मागे पडलं. आर्बेलच्या कड्यावरून गालील सरोवराचं पाणी दिसलं आणि आत्याने तिथेच हात जोडले. लोखंडी कड्या धरून उतरताना माझे गुडघे थरथरत होते, ती मागून सांगत होती, “दम खा जरा. पाऊल बघून टाक.”

कफर्णहूमची पडकी घरं काळ्या बसाल्टची, आपल्याकडच्या जोत्याच्या दगडासारखी. वर फांद्या आणि मातीचं छत असायचं. म्हणजे आपलं धाबंच! आत्याचं बालपण धाब्याच्या घरातलं. चौघांनी छप्पर उकरून पक्षघाती माणसाला येशूपुढे सोडलं, ते इथलंच. ती भिंतीवर हात ठेवून म्हणाली, “घरभर माती पडली असेल रे. एक धाबं घालायला किती राबावं लागतं!” त्या घरधन्याबद्दल शुभवर्तमान लिहिणारा मार्क काहीच लिहीत नाही. येशू त्याला ‘तुझ्या पापांची क्षमा झाली’ म्हणाला, तेव्हा बसलेले शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, मात्र मनात म्हणत होते, हा देवाची निंदा करतो. तो पक्षघाती माणूस बाज उचलून चालू लागला, तेव्हा लोक थक्क झाले. तरी पुढे येशूला याच गावाबद्दल म्हणावं लागलं की तू अधोलोकापर्यंत उतरशील. इतकं पाहूनही गाव पालटलं नाही.

मला हे फार लागलं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी सगळ्या मंडळीने उपास धरला होता. आई बरी झाली, आणि मी रविवारी चर्चला जाणंही सोडलं. येशूच्या शब्दाने दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, त्यातला एक शोमरोनी, म्हणजे परका मानलेला, तेवढा आभार मानायला परत आला. मी उरलेल्या नऊंमधला.

सभास्थानाच्या पांढऱ्या खांबांजवळ आत्याने विचारलं, “वहिनी बरी झाली त्याची उपकारस्तुतीची प्रार्थना ठेवायची राहिलीच ना रे?”

मी तिथूनच आईला फोन लावला. येत्या महिन्यातला दुसरा रविवार ठरला.