मागे वेडी बाभूळ, समोर पाणी: रोल कास्ट

तापी-गिरणेच्या काठी फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे माशीसारखं कृत्रिम आमिष, ते लाइनच्या म्हणजे दोरीच्या वजनानं फेकायची गळकाठी) घेऊन उभं राहिलं की पहिली अडचण पाठीमागे असते. वेडी बाभूळ पाण्यापर्यंत आलेली, नाहीतर उभी दरड. लाइन मागे फेकायला जागाच नाही. तिथे रोल कास्टच चालतो, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडत टाकणं. तो बिघडला तर दोष बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो: पाण्यानं लाइन जिथे धरायला हवी, तिथे धरलेली नसते.

9 फुटी, 6 नंबरचा (नंबर लाइनच्या वजनाचा) रॉड आणि तरंगणारी लाइन पुरे. डबल टेपर, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये सलग जाड, असेल तर उत्तम. वेट फॉरवर्डचा, म्हणजे वजन पुढच्या भागातच असलेल्या लाइनचा, जाड भाग साधारण 30 ते 40 फुटांत संपतो. मागची बारीक लाइन रॉडच्या टोकाबाहेर आली की तिच्यानं जाड भाग उलटत नाही.

25 फूट लाइन समोर पसरा. रॉडचं टोक पाण्यालगत ठेवून सगळी ढील ओढून घ्या. मग टोक सावकाश उचलत, रॉड किंचित बाहेर कलता ठेवून, हात कानापाशी आणा. लाइन पाण्यावरून घसरत आली पाहिजे, उचकटून नाही. रॉड घड्याळातल्या एकवर आला की थांबा. इथेच घाई होते. लाइन रॉडमागे पोट काढून लोंबू द्या. हाच डी-लूप, रॉड वाकवणारं वजन यातच असतं. लाइनचं पुढचं टोक आणि लीडर (लाइनला फ्लाय जोडणारा बारीक दोरा) तुमच्या उजव्या अंगाला, थोडं पुढे, पाण्यावर टेकलेलं हवं. आता हात पुढे न्या, वेग वाढवत, आणि साडेदहावर कचकन थांबा.

लाइन पायाशी ढीग होऊन पडते? रॉड फार खाली जाऊन थांबला. कुऱ्हाड घातल्यासारखा रॉड पाण्याकडे हाणला की लूप, म्हणजे पुढे जाणारा लाइनचा वळसा, खालीच उघडतो. लाइन जागची हलत नाही? समोर फार लाइन चिकटून राहिली, डी-लूप लहान पडला.

आता दिशा. उजव्या खांद्यावरून टाकताना नेम पडलेल्या लाइनच्या डावीकडेच हवा. उजवीकडे धरलात तर लाइन स्वतःवरूनच जाते आणि गुंता होतो. तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. दक्षिण काठावर प्रवाह लाइन डावीकडे नेतो, म्हणून सरळ समोर टाकायचं तर हात कपाळावरून नेऊन डाव्या खांद्यावरून टाका. उत्तर काठावर उजवा खांदा बरोबर. पण पश्चिमेचा वारा सुटला की तिथे डी-लूप अंगावर येतो आणि गळ कानाशी. चांगदेवकडच्या हतनूर धरणाच्या फुगवट्यात प्रवाह नावापुरताच, तिथे वाऱ्यापुरता विचार करा: वारा ज्या बाजूनं, डी-लूप त्याच्या उलट बाजूला. टोपी आणि गॉगल मात्र कुठेही हवेतच.

मरळीसाठी बुडणारी जड फ्लाय असेल तर दोन कास्ट लागतात. पहिला फक्त फ्लाय वर आणायला, दुसरा लगेच, ती पुन्हा बुडायच्या आत.

गवतावर सराव करताना लाइन नुसतीच घसरते, कारण धरायला पाणी नाही. फ्लाय काढा, लीडरचं टोक विटेखाली दाबा आणि मग टाका.