बायका टिकतात कशा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वेंगुर्ल्याकडे आमचा काजूचा कारखाना आहे, 22 बायका कामाला. दुसरा कारखानदार भेटला की विचारतोच, "वहिनी, आमच्याकडच्या चतुर्थीला घरी गेल्या की परत फिरकत नाहीत. तुमच्याकडे टिकतात कशा? दर जास्त देता?"

दर वाढवून झालाय माझा. एका वर्षी कटिंगला, म्हणजे बी कापून गर काढायला, किलोमागे पैसे वाढवले, तरी दिवाळीपर्यंत सहाजणी गेल्या. त्यातल्या एकीच्या घरी गेले. सून भाकऱ्या थापत होती, ही बाजूला बसलेली. मला हात दाखवले. बोटांची टोकं काळी, कातडी सोलवटलेली. म्हणाली, "वयनी, भाकरी थापूक गेलंय की हात झोंबतत. पंगतीत बसाची पण लाज वाटता."

काजूच्या टरफलात तेल असतं. त्यातलं कार्डोल आणि अ‍ॅनाकार्डिक आम्ल कातडी जाळतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर हातमोजे दिलेले. पण मोजे घालून बी नीट धरता येत नाही, हात मंदावतो आणि पैसे तर किलोवर. साहजिकच मोजे खुंटीला. मी दर वाढवला म्हणजे त्यांना आणखी घाईच लावली होती! हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

मग कटिंग हजेरीवर केलं. पंधरा दिवस कटिंग, पंधरा दिवस गराची साल काढणं नाहीतर ग्रेडिंग, म्हणजे गर प्रतीप्रमाणे निवडणं, आळीपाळीने. सुरुवातीला माल कमी निघाला, घरात बोलणीही खाल्ली. पण घाई गेली तशी पाकळी (दुभंगलेला गर) आणि तुकडा कमी झाला, अख्खा गर वाढला. आणि भाव अख्ख्यालाच असतो.

रजेचं म्हणाल तर लावणी, चतुर्थी, शिमगा या रजा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवते. त्या दिवसांत बॉयलरची साफसफाई उरकतो. रोज काम सुटतं तेही संध्याकाळच्या एसटीच्या वेळेला धरून.

50 कामगार असले तर पाळणाघर सक्तीचं, असं 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात आलं. प्रसूतीची रजाही तेव्हाच 12 आठवड्यांवरून 26 वर गेली. पाळणाघराची सक्ती आम्हाला लागू नाही, पण तान्हं पोर घरी ठेवून आलेल्या बाईचं लक्ष बीवर कसं राहील? पॅकिंगशेजारची खोली रिकामी केली, झोळी बांधली. टरफलं तिथपर्यंत येऊ देत नाही.

ती पंगतीची लाज वाटणारी बाई आज ग्रेडिंग बघते.

कटिंगच्या पायाने चालवायच्या मशीनचं मात्र अजून जमलेलं नाही. दिवसभर पाय मारून कंबर धरते, कारण बैठका सगळ्या एकाच उंचीच्या. गावातला सुतार आता एकेकीला बसवून, माप घेऊन नव्या करतोय. सात झाल्यात. बाकीच्या शिमग्याआधी द्यायचं कबूल केलंय त्याने.