मोजणीत सगळे, यादीत थोडे

मला अमेरिकन नागरिकत्व मिळालं, मतदार म्हणून नाव लागलं आणि पाठोपाठ २०२१ उजाडलं. टेक्ससमध्ये ते, जनगणनेनंतरचं, मतदारसंघांच्या सीमा बदलण्याचं वर्ष होतं.

आमची कॉलिन काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) डॅलसच्या उत्तरेला. २०१० च्या जनगणनेत इथे ७,८२,३४१ माणसं होती, २०२० मध्ये १०,६४,४६५. टेक्ससच्या प्रत्येक काउंटीत चार कमिशनर प्रीसिंक्ट, म्हणजे काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरांचे मतदारसंघ, असतात. समान वाटणी केली तर आमच्याकडे एकाच्या वाट्याला सुमारे २,६६,००० माणसं येतात. दहा वर्षांत पडलेली भर या एका अख्ख्या वाट्याहून मोठी! आणि ती सगळीकडे सारखी थोडीच पडते? जिथे शेतं होती तिथेच घरं उठली.

समान वाटणीचा हा नियम फार जुना नाही. मिडलंड काउंटीत एका प्रीसिंक्टमध्ये ६७,९०६ माणसं आणि उरलेल्या तिघांत ८५२, ८२८ आणि ४१४, असा कारभार होता. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अमान्य केला. आता सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान प्रीसिंक्टमधला फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत ठेवतात.

मी यात पडलो ते एका रेघेमुळे. मतदान प्रीसिंक्टच्या (मतदारयादीसाठी आखलेले याहून छोटे विभाग) मसुद्यात ती ओढ्याकाठाने थेट आमच्या वस्तीतून जात होती. रेघ ओढ्यावरूनच का, ते जनगणनेचे ब्लॉक पाहिल्यावर कळलं. लोकसंख्येचा आकडा ब्लॉकच्या खाली मिळतच नाही, आणि ब्लॉकच्या कडा बहुधा रस्ते, ओढे, रुळ अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर असतात. घर कुणाचं, शाळा कुठली, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. मग मी ओढ्याऐवजी मोठा रस्ता धरून ब्लॉकची बेरीज केली.

कमिशनर्स कोर्टाची (आपल्या जिल्हा परिषदेच्या जवळपासचं प्रकरण) विषयपत्रिका तेव्हा ७२ तास आधी लागायची. तीवरच्या विषयावर कुणालाही बोलता येतं. कार्ड भरलं, बोललो, शांतपणे ऐकून घेतलं गेलं. रेघ मात्र हलली नाही, कारण ती काउंटीची नव्हतीच! मतदान प्रीसिंक्टला राज्याच्या प्रतिनिधीगृहाच्या, राज्याच्या सिनेटच्या किंवा काँग्रेसच्या (अमेरिकन संसदेच्या) मतदारसंघाची हद्द ओलांडता येत नाही, आणि ओढ्यावरची रेघ प्रतिनिधीगृहाची होती. कोविडमुळे जनगणनेचे तपशील १२ ऑगस्टला आले, राज्याच्या नकाशांवर गव्हर्नरची सही २५ ऑक्टोबरला झाली आणि उमेदवारी अर्ज १३ नोव्हेंबरला सुरू झाले. मधल्या पंधरा-अठरा दिवसांत काउंट्यांना सगळ्या रेघा जुळवायच्या होत्या. त्या कर्मचाऱ्यांची मला खरंच दया आली.

मला यातलं सर्वांत रंजक वाटलं ते वेगळंच. कमिशनरच्या वाट्यात तान्हं बाळ, एच-१बी व्हिसावाला, ग्रीन कार्डची वाट बघणारा, सगळे मोजले जातात. मतदान प्रीसिंक्टला मर्यादा आहे ती नोंदलेल्या मतदारांची, साधारणपणे ५,००० ची. आमच्या गल्लीत पुण्या-नाशिकची, हैदराबादची घरं भरपूर. पहिल्या हिशेबात आम्ही वजनदार, दुसऱ्यात अगदीच हलके. मतदारसंघ केवळ मतदार मोजून आखावेत, असा दावा टेक्ससमधूनच सुप्रीम कोर्टात गेला होता. २०१६ मध्ये तो फेटाळला गेला. माझ्या मते योग्यच झालं. रस्ता खचला तर व्हिसावाल्याची गाडीही त्याच खड्ड्यात जाते.

रोजच्या व्यवहारात फरक शून्य. काउंटीतल्या कुठल्याही व्होट सेंटरवर, म्हणजे मतदान केंद्रावर, मत देता येतं. फक्त ओढ्यापलीकडच्यांच्या मतपत्रिकेवर प्रतिनिधीगृहाचे उमेदवार वेगळे. दर विषम वर्षी मार्च-एप्रिलमध्ये मतदान प्रीसिंक्टची तपासणी होते, तेव्हा मतदार वाढले असतील तर पुन्हा तुकडे पडतात. तुमच्याकडे असा मसुदा आला, तर आधी एवढं बघा: खटकणारी रेघ काउंटीची आहे की राज्याची? राज्याची असेल तर तुमची बेरीज घेऊन राजधानी ऑस्टिनला, विधिमंडळाच्या समितीपुढे जायचं, आणि तेही विधेयक मंजूर होण्याआधी.